फवाऱ्याचें रबर आणि चाकांवरच्या घराची शाकारणी

पावसाळा तोंडावर आला कीं आमच्या लहानपणीं कोंकणांतल्या घरीं पहिली आठवण निघे ती शाकारणीची. वैशाखांत दोन गडी छपरावर चढत, एकेक कौल चाळीत, फुटकें असेल तें बाजूस काढीत, रिपा दाबून पाहात. आणि खालीं अंगणांत उभे राहून आजोबा ‘तो कोनवासा पाहिलास काय रे?’ म्हणून ओरडून विचारीत. हें काम दरसाल व्हावयाचें. गेल्या वर्षीं घर गळलें नाहीं म्हणून यंदा शाकारूं नये, असा विचार कोणाच्या मनांतहि येत नसे.

ही जुनी आठवण आज निघण्याचें कारण असें कीं, गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे तीन भगिनींचीं पत्रें एकाच विषयावर आलीं आहेत. तिघींचेंहि कोणी ना कोणी अमेरिकेंत आहे; एकीचा मुलगा, एकीचा दीर, तिसरीची भाची. तेथें पातळ रबराचा फवारा मारण्याचे डबे मिळतात व फवारा मारतांच गळती थांबते, असें तिघींनींहि ऐकलें आहे. पहिलीच्या मुलानें तेथें प्रवासाचा ट्रेलर घेतला असून त्याचें छत ठिपकूं लागलें आहे. त्यावर हा उपाय करावा काय, असें ती विचारते. दुसरी व तिसरी यांना तो डबा इकडे मागवून गच्चीवर वापरावयाचा आहे. योगायोग असा कीं, गेल्या वर्षीं मार्चपासून जूनपर्यंत आम्ही ओहायो राज्यांत आमच्या पुतण्याकडे राहिलों होतों, आणि या प्रश्नाचें उत्तर तेथें आमच्या डोळ्यांदेखत, किंबहुना आमच्या डोक्यावरच, लिहिलेलें होतें.

प्रथम ट्रेलर म्हणजे काय तें सांगतों. मालाची ने-आण करणारी गाडी ती ही नव्हे. मोटारीच्या मागें अडकवून ओढीत न्यावयाचें हें चाकांवरचें घर असतें. आंत बिछाना, गॅसची चूल, फ्रीज, न्हाणीघर, सर्व कांहीं. सुटी लागली कीं तेथील कुटुंबें असें घर घेऊन रानांत, तळ्याकांठीं किंवा राष्ट्रीय उद्यानांत मुक्कामास जातात. इंडियाना राज्यांतील एल्कहार्ट व त्याचा परिसर हें या धंद्याचें माहेरघर आहे. हें घर ओढावयाचें असल्यामुळें त्याची बांधणी हलकी. छतावर पातळ प्लायवुड, आणि त्यावर बहुधा एका कृत्रिम रबराची पांढरी चादर चिकटविलेली असते; त्या रबराला ई.पी.डी.एम. म्हणतात. या छताला हवेचा झरोका, न्हाणीघराच्या वायुनळीचें तोंड, फ्रीजची गरम हवा जाण्याची वाट अशीं निरनिराळीं भोकें असतात, आणि कडेनें अल्युमिनियमची पट्टी ओळीनें स्क्रू मारून जखडलेली असते. थोडक्यांत म्हणजे कारखानदारानेंच छताला असंख्य भोकें पाडून तीं लुकणानें बुजविलेलीं असतात. मग तें घर ताशीं साठ मैलांच्या वेगानें हादरत जातें. लुकण उन्हानें वाळतें, थंडीनें आखडतें, धक्क्यांनीं चिरतें. असलें घर गळलें तर नवल नाहीं. वीस वर्षें न गळल्यास मात्र त्याच्या मालकाचें अभिनंदन करावें.

आतां डब्याविषयीं. रबर पातळ करून त्यानें पाणी अडवावें ही युक्ति आजची नव्हे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनें १८२३ सालीं नॅप्था तेलांत रबर विरघळवून तें दोन कापडांच्या मध्यें सारविलें आणि पावसाळी कोटाचें कापड सिद्ध केलें; इंग्रजींत अशा कोटाला त्याचेंच नांव पडलें. पण तें रबर उन्हाळ्यांत चिकट होई आणि थंडींत कडक. अमेरिकेंत चार्ल्स गुडइयरला १८३९ सालीं गंधक घालून रबर तापविण्याची कृति सांपडली, तेव्हां तें स्वभावानें स्थिर झालें. पदार्थ डब्यांत दाबानें भरून फवाऱ्याच्या रूपानें बाहेर काढण्याची कल्पना नॉर्वेच्या एरिक रोटहाइम या अभियंत्याची. तिचें पेटंट त्यानें १९२७ सालीं घेतलें. पुढें १९४९ सालीं इलिनॉय राज्यांतील एडवर्ड सेमोर यानें अशा डब्यांत रंग भरला, आणि रंगामागून कालांतरानें रबर आलें. २०११ पासून फ्लेक्स सील या मालाची जाहिरात अमेरिकन दूरचित्रवाणीवर गाजूं लागली. तींत नावेचा तळ कापून त्या जागीं जाळीचें दार बसवितात, त्यावर रबर फवारतात, आणि नाव पाण्यांत सोडून आंत माणूस खुशाल बसतो! असली जाहिरात पाहिल्यावर आपल्या घरच्या एका थेंबाची काय मातबरी, असें कोणासहि वाटेल. आतां या जातीचे डबे अनेक कंपन्या करतात.

डब्यांत झाडाच्या चिकाचें रबर नसून रबरासारखा लवचिक कृत्रिम पदार्थ द्रावकांत विरघळविलेला असतो. द्रावक उडून गेला कीं मागें पापुद्रा राहतो. बाहेर ढकलणारा वायु पूर्वीं क्लोरोफ्लुओरोकार्बन जातीचा असे. तो आकाशांतील ओझोनचा थर खातो असें दिसून आल्यावर १९७८ सालीं अमेरिकेनें बहुतेक फवाऱ्यांत त्यास बंदी केली, आणि त्याच्या जागीं पुष्कळ डब्यांत प्रोपेन, ब्यूटेन हे वायु आले. आपल्या स्वयंपाकघरांतील सिलिंडरांत जळणारे वायु ते हेच. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें पुढें काम पडणार आहे.

आमच्या पुतण्यानें ट्रेलर घेतला तो आईवडिलांसाठीं. दादा आणि वहिनी मे महिन्यांत तिकडे यावयाचे होते. वहिनींना दम्याचा त्रास, त्यांतून बाहेरचें अन्न मानवत नाहीं. स्वतःची चूल बरोबर असली तर त्यांना चार ठिकाणें सुखानें पाहतां येतील, हा त्याचा हेतु. ट्रेलर वापरलेला, पंधरा वर्षांचा. पण बाहेरून टापटिपीचा. ऑक्टोबरांत पाऊस झाला आणि पुढच्या बिछान्यावर, बरोबर उशीच्या जागीं, थेंब पडूं लागला. चिरंजीव दुकानांत जाऊन रबराचे दोन डबे घेऊन आले. ते कोणाच्या कारखान्याचे हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण दोष डब्यांचा नव्हता. शिडी लावून त्यानें वरच्या झरोक्याभोंवतीं फवारा मारला. इतक्यानें समाधान न होऊन दुहेरी बंदोबस्त म्हणून आंत आला आणि छताला आंतूनहि मारूं लागला. बाहेर गारठा, म्हणून दार लावलेलें. सहा वर्षांची मुलगी बिछान्यावर चित्रें काढीत बसलेली. आणि पांच पावलांवर चुलीवर चहाचें आधण!

सूनबाई कपबशा आणावयास घरांत गेली होती. ती परत आली, दार उघडतांच वास तिच्या नाकांत शिरला, आणि तिनें एक शब्दहि न बोलतां आधीं गॅस बंद केला, मग मुलीला उचलून बाहेर नेलें. ही हकीकत तिनें आम्हांस सांगितली ती हंसत हंसत. पण सांगतांना तिचा हात पदराशीं चाळा करीत होता. जळणारा वायु, जळणारा द्रावक, कोंडलेली खोली आणि पेटलेली चूल: कांहीं झालें नाहीं, ही देवाची कृपा. तिला विज्ञान शिकविण्याची गरज पडली नाहीं. डब्यावर ज्वाळेचें चित्र होतें तेवढें तिला पुरलें. तें चित्र नवऱ्याला दिसलें नव्हतें, कारण पुरुष मंडळी सूचना वाचतात त्या काम बिघडल्यावर. (आमच्या घरांतून या वाक्यास जोरदार अनुमोदन मिळालें आहे.)

आम्ही मार्चांत पोंचलों तेव्हां बिछान्याच्या वर ग्रहण लागलेल्या सूर्यासारखें तें काळें वर्तुळ होतें. ‘काका, तेव्हांपासून एक थेंब पडला नाहीं,’ पुतण्या अभिमानानें म्हणाला. आम्ही कांहीं बोललों नाहीं. पण आंत पाऊल टाकतांच कोंकणांतल्या बंद माळ्याचा कुबट वास आला होता. वर्तुळाच्या बाजूस अंगठ्यानें दाबून पाहिलें, तों छत भिजलेल्या पुठ्ठ्याप्रमाणें आंत गेलें.

प्रकार उघड होता. पाणी यावयाचें थांबलें नव्हतें. खालीं पडावयाचें तेवढें थांबलें होतें. आंतून रबराचा पापुद्रा लावल्यामुळें वरून आलेल्या पाण्यास निघण्याची वाट उरली नाहीं, आणि तें हिंवाळाभर प्लायवुडांत मुरत राहिलें. ओहायोच्या थंडींत तें गोठे. पाण्याचें बर्फ झालें कीं तें फुगतें, आणि फुगतांना लांकडाचे थर एकमेकांपासून सोडवितें. थेंब पडत असता तर पुतण्या नोव्हेंबरांतच पुनः शिडीवर चढला असता.

शेजारीं एक वृद्ध अमेरिकन सुतार राहतात. पुतण्यानें त्यांना बोलाविलें. त्यांनीं छतावर फळी टाकून तीवर गुडघे टेकले आणि झरोक्याभोंवतीं हात फिरविला. तेथील पांढरी चादर भिजवून वाळविलेल्या पापडासारखी सुरकुतून फुगली होती. ई.पी.डी.एम. जातीचें रबर ऊन व पाऊस उत्तम सोसतें. पण पेट्रोलियमपासून काढलेले द्रावक तें सोसत नाहीं, त्यांनीं तें फुगतें. अशा छतांच्या निगेच्या सूचनांत पेट्रोलियमचे द्रावक वर्ज्य असल्याचें लिहिलेलें असतें. रबराला रबर चिकटेल ही समजूत स्वाभाविक आहे, आणि येथें तीच घातक ठरली.

‘पण पाणी येतें कोठून?’ हें शोधण्याची त्या सुतारांची रीत प्रत्येक गृहस्थानें शिकून ठेवावी अशी आहे. त्यांनीं बागेची नळी घेतली आणि पाणी खालून वर सोडावयास सुरुवात केली. प्रथम भिंतीच्या तळाशीं, मग खिडकीच्या चौकटीवर, मग छताच्या कडेशीं, आणि शेवटीं छतावर. प्रत्येक ठिकाणीं कांहीं मिनिटें थांबावयाचें. एकदम वरून पाणी सोडलें तर तें सगळीकडून ओघळतें आणि चोर कोण तें कळत नाहीं. आंतील बाजूचा तक्तपोशीचा तुकडा काढून टाकला होता, आणि तेथें विजेरी घेऊन आमची नात बसली होती. खिडकी झाली, कांहीं नाहीं. झरोक्याच्या भोंवतीं पाणी सोडलें, तेथेंहि कांहीं नाहीं. उजव्या कोंपऱ्यांतील अल्युमिनियमच्या पट्टीवर नळी धरून दोन मिनिटें झालीं असतील नसतील, तों आंतून आरोळी आली, ‘आजोबा, आलं, आलं!’

तीन स्क्रू गंजले होते. त्यांच्या भोंकांतून पाणी शिरे, आणि ट्रेलर उभा केला होता ती जमीन डावीकडे उतरती असल्यामुळें छताच्या आडव्या दांडीवरून चार फूट प्रवास करून उशीवर टपके. बिचाऱ्या झरोक्याचा कांहीं अपराध नव्हता! त्याला शिक्षा मात्र पुरी झाली.

मग एप्रिलचे चार शनिवार या कामांत गेले. कुजलेलें प्लायवुड काढलें. त्यावर काळी बुरशी होती, आणि तीच वहिनींच्या उशीच्या वर वीतभर अंतरावर येणार होती. दम्याच्या माणसाला बुरशीची हवा कशी बाधते हें ज्यांच्या घरीं असा रुग्ण आहे त्यांना सांगावयास नको. पंखे लावून आंतील लांकूड कित्येक दिवस वाळविलें, आणि तें कोरडें झाल्याचें पाहिल्यावांचून सुतारांनीं नवें प्लायवुड लावूं दिलें नाहीं. फुगलेली चादर कापून तेथें त्याच रबराचें ठिगळ, त्याच रबरासाठीं असलेल्या गोंदानें बसविलें. पट्टीच्या खालीं ब्यूटाइलची चिकट फीत घालून नवे स्क्रू मारले, आणि त्यांच्या डोक्यांवर आपोआप पसरून सपाट होणारें छताचें लुकण ओतलें. जुन्या मालकानें एके ठिकाणीं सिलिकोन लावून ठेवलें होतें. तें खरवडून काढण्यांत अर्धा दिवस गेला, कारण सिलिकोनवर सिलिकोनखेरीज दुसरें कांहीं धड चिकटत नाहीं.

इतकें झाल्यावर वाचकांना वाटेल कीं आम्ही त्या डब्याचे वैरी झालों. तसें नाहीं. दुसरा डबा अर्धा शिल्लक होता. पुतण्याच्या घराच्या पन्हळीचा एक सांधा दाराशींच ठिपकत असे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या मानेवर थंड थेंब पडे. पन्हळ अल्युमिनियमची. तें काम आम्हीं स्वतः केलें. आधीं पन्हळींतील पाला काढला, तारेच्या ब्रशानें सांधा घांसला, साबणानें धुतला, आणि दोन कोरडे दिवस जाऊं दिले. मग डबा चांगला मिनिटभर हलवून, एक वीतभर अंतरावरून, हात सारखा फिरता ठेवून अगदीं पातळ लेप दिला. तो सुकल्यावर दुसरा, मग तिसरा. एकदम जाड थर दिला तर वरची साय आधीं धरते, आंतील द्रावक कोंडतो, आणि मग फुगे येतात. हवा फार गारठ्याची किंवा कडक उन्हाची नको. लेप पुरता आवळावयास एक-दोन दिवस लागतात, त्यापूर्वीं त्यावर पाणी येऊं देऊं नये. तो सांधा मे महिन्यांतील सर्व पावसांत कोरडा राहिला, आणि परवां फोनवर चौकशी केली तेव्हांहि कोरडाच होता.

म्हणजे या फवाऱ्याचें क्षेत्र आहे, आणि तें लहान आहे. धातूच्या पन्हळीचा सांधा, कोठीच्या पत्र्याची चीर, ट्रेलरच्या तळाचा पत्रा, बागेंतील फुटकी बादली, येथें तो खुशाल वापरावा. गॅसच्या नळीला, दाबाच्या पाण्याच्या नळाला, धुराड्याला किंवा तापणाऱ्या कोणत्याहि भागाला, आणि पिण्याच्या पाण्याच्या टांकीला तो लावूं नये. आणखी एक गोष्ट अशी कीं, घरांतलीं सर्वच भोकें शत्रु नसतात. खिडकीच्या चौकटीच्या तळाशीं बारीक छिद्रें असतात तीं शिरलेलें पाणी निघून जावें म्हणून मुद्दाम ठेवलेलीं असतात. गॅसवर चालणाऱ्या फ्रीजच्या मागें बाहेरच्या बाजूस ज्या जाळ्या असतात, त्या जळलेली हवा जावी व ताजी यावी म्हणून असतात. पाऊस येतो म्हणून त्या बुजविणें म्हणजे विषारी वायूला घरांत बोलावणें होय. उत्साही माणसाच्या हातांत फवारा आला कीं त्याला प्रत्येक छिद्र गळतीसारखें दिसूं लागतें.

आतां पत्रांचीं उत्तरें. ज्या भगिनीच्या मुलाचा ट्रेलर गळतो आहे, तिनें त्याला कळवावें कीं प्रथम छत कोणत्या पदार्थाचें आहे तें पाहा, मग नळी घेऊन पाण्याची वाट शोध, आणि आंतून कांहींएक लावूं नको. दर वसंतांत व दर हिंवाळ्यापूर्वीं छतावरचें लुकण डोळ्यांनीं तपासून चिरलेलें तेवढें नवें करणें, ही त्या घराची शाकारणी आहे.

ज्यांना डबा इकडे मागवावयाचा आहे त्यांनीं तो विचार सोडावा. असे ज्वालाग्राही डबे विमानांत नेण्यास मनाई आहे. हातांतल्या पिशवींतहि नाहीं आणि खालीं जाणाऱ्या पेटींतहि नाहीं. मुलाला विमानतळावर पेटी उघडून उभें करूं नका. त्या जातीचा माल आतां आपल्याकडेहि मिळतो. पण गच्चीचें दुखणें त्यानें बरें व्हावयाचें नाहीं. सिमेंटच्या स्लॅबमध्यें मुरलेलें पाणी खालून दाबलें तर लेप फुग्यासारखा सुटून येतो, आणि तोंवर आंतील सळया गंजत राहतात. गच्चीचा उपाय गच्चीवरूनच करावा लागतो: उतार, पाणी जाण्याची नळी, कठड्याच्या बुडाचा सांधा, हीं आधीं पाहावीं. त्याविषयीं पुढील अंकीं सविस्तर लिहिण्याचा विचार आहे. डबा घरांत असेलच तर तो चुलीजवळ किंवा उन्हांत उभ्या मोटारींत ठेवूं नये. पन्नास अंश सेंटिग्रेडच्या घरांत उष्णता गेली कीं असे डबे फुटण्याचा संभव असतो.

दादा आणि वहिनी ठरल्याप्रमाणें मे महिन्यांत आले. पहिला मुक्काम आम्हीं सर्वांनीं मिळून मिशिगन राज्यांत एका तळ्याच्या कांठीं केला, आणि त्याच रात्रीं पावसानें गांठलें. ट्रेलरच्या छतावर असा ताशा वाजत होता कीं बोललेलें ऐकूं येईना. पुतण्या विजेरी घेऊन दर अर्ध्या तासानें वरचें नवें प्लायवुड चांचपीत होता. वहिनींना सर्व हकीकत सांगितलेली होती. त्यांनीं तें ऐकून घेतलें, ‘बरं केलंस हो,’ म्हणून त्याची पाठ थोपटली, आणि निजण्यापूर्वीं उशीच्या बाजूला एक पातेलें मांडून ठेवलें. सकाळीं तें कोरडें निघालें. त्यांतच चहाचें आधण चढलें.